मोबाईल हिसकावलात, आता हातात काय देणार?

गेल्या महिन्यात एका शाळेच्या सभागृहात दीड तास बसून आले. विषय होता 'मोबाईलचा विळखा आणि किशोरवयीन पिढी'. समई, हार, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. वक्ते कडक इस्त्रीचे. पहिल्या वाक्यात राक्षस, दुसऱ्यात विषवल्ली, तिसऱ्यात संस्कारांचा ऱ्हास. समोर आठवी-नववीची दोनशेच्या वर मुलं मांडी घालून जमिनीवर बसवलेली, मागे खुर्च्यांवर पालक. माझ्या पुढच्या रांगेत अकरा पालक होते. त्यातले सात जण मोबाईलमध्ये. एक गृहस्थ कँडी क्रश खेळत होते, आणि वक्ते 'आजची मुलं' म्हणाले की तेवढ्यापुरती मान वर करून डोलवत होते.

आता यातली गंमत ऐका. हे व्याख्यान ठेवलं होतं खेळाच्या तासाला. चार तुकड्यांचे तास एकत्र करून. बाहेर ऊन उतरलेलं, मैदान रिकामं, खो-खोचे खांब नुसतेच उभे. आणि आत मुलांना सांगणं चाललेलं की बाळांनो, मैदानावर जा!

मी चोवीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. त्याआधी दहा वर्षं खो-खो खेळले. मुलांनी गेम कमी खेळावा असं मलाही वाटतं, आणि ते मनापासून वाटतं. सकाळच्या प्रार्थनेला उभ्याउभ्या पेंगणारी मुलं मी पाहिली आहेत. आईच्या खात्यातून गुपचूप पैसे काढून बंदुकीला सोनेरी रंग विकत घेणारा मुलगा पाहिला आहे. त्याची आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करत होती. तेव्हा मी गेमवाल्यांची वकील आहे असं कुणी समजू नये. माझं भांडण आहे ते या मानभावी मोठ्या माणसांशी. मुलाच्या एका हातातला मोबाईल काढायचा, दुसऱ्या हातातला चेंडू आधीच काढून घेतलेला, आणि मग त्याला 'समतोल साध' म्हणून बजावायचं. तराजूचं एक पारडं तुम्ही विकून खाल्लंत, आता पोराने समतोल साधायचा कशाने?

एका मुलाची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, आता तो नोकरीला आहे. खांबावरून सूर मारावा तर त्यानेच. जिल्ह्याला खेळला. दहावीच्या जूनमध्ये वडील शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, यंदा त्याला संघात घेऊ नका. महत्त्वाचं वर्ष आहे." मी हातापाया पडायची तेवढी पडले. संध्याकाळचा एक तास असतो, त्याने अभ्यास बुडत नाही, उलट मूल ताळ्यावर राहतं, खेळाडूंना बोर्डाचे वाढीव गुण असतात, सगळं सांगून झालं. उपयोग शून्य. एका तासाच्या जागी दोन क्लास आले. डिसेंबरात आई आली. रडत होती. "मॅडम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळतो. तुमचं ऐकतो तो, तुम्ही सांगा त्याला."

मी काय सांगणार होते? माझ्या संघातून त्याला उचलला, त्याने दुसरा संघ शोधला. चौघांचा. त्यात त्याला कुणी टक्केवारी विचारत नव्हतं. तिथे त्याचं नाव होतं, हुद्दा होता, 'डावीकडून ये, मी कव्हर देतो' म्हणणारी तीन माणसं होती. पंधरा वर्षांच्या पोराला जे लागतं ते सगळं होतं. घरात त्याला जे मिळत होतं ते म्हणजे ताट आणि टोमणे.

व्याख्यान देणाऱ्या एकाही महाभागाने कधी हा गेम शेजारी बसून बघितलेला नसतो. बघायला हवा. बीजीएमआय घ्या, म्हणजे पूर्वीचा पबजी. शंभर जण विमानातून उतरतात, चौघांची एक तुकडी, वर्तुळ आवळत जातं, शेवटी एक तुकडी उरते. मोठ्या नकाशावर एक डाव पंचवीस-तीस मिनिटं चालतो. तो मध्येच थांबवता येत नाही. तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडता, "बंद कर आणि जेवायला ये!" आणि पोरगं म्हणतं, "पाच मिनिटं!" तुम्हाला तो उद्धटपणा वाटतो. त्याच्या दृष्टीने तो उठला तर उरलेले तिघं मरतात, त्याचा रँक घसरतो आणि उद्या वर्गात त्याला तोंड दाखवावं लागतं. चालू सामन्यात कुणी मला 'भाजी निवडायला चल' म्हणून ओढत नेलं असतं, तर मीही उद्धट झाले असते. यावरचा उपाय फुकट आहे: मिनिटं मोजू नका, डाव मोजा. "जेवण साडेआठला. आठनंतर नवा डाव लावायचा नाही." झालं. एवढं वाक्य बोलायला गेम म्हणजे काय ते कळावं लागतं, आणि कळून घ्यायला पोराशेजारी अर्धा तास बसावं लागतं. तिथेच तर घोडं पेंड खातं.

आणि बसलात की दुसरी गोष्टही दिसेल, जी या राक्षस-विषवल्लीवाल्यांना कधीच दिसत नाही. गेम पोराला धरून कसा ठेवतो ती. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की माळ तुटली. हंगाम संपत आला की रँकची घाई. पैसे देऊन उघडायची पेटी, आत काय निघेल ते उघडल्यावर कळणार. याला आपल्या गावात सोरट म्हणतात. जत्रेत सोरटवाल्याला पोलीस हाकलतात. इथे तोच सोरटवाला पोराच्या उशीखाली झोपतो. बेल्जियमने 2018 साली अशा विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. अमेरिकेत फोर्टनाइटच्या कंपनीवर, एपिक गेम्सवर, लहान मुलांची माहिती गोळा करणं आणि चुकून बटण दाबलं जाऊन पैसे कापले जातील अशी रचना करणं असे दोन आरोप होते. डिसेंबर 2022 मध्ये 52 कोटी डॉलर मोजून कंपनीने ती प्रकरणं मिटवली. एकीकडे पगारी तज्ज्ञांच्या फौजा, दुसरीकडे नववीतलं पोर. हा सामना बरोबरीचा आहे का? आणि हरला की आपण पोरालाच 'मनोनिग्रह नाही' म्हणून झोडतो. मनोनिग्रह! बापाला ऑफिसातून येताना वडापावच्या गाडीपाशी होत नाही तो.

मग बंदी घाला, असं ओरडणारे असतातच. घालून झाली की. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने 118 चिनी अॅप्स बंद केली, त्यात पबजी होता. कारण सुरक्षेचं होतं. पण पालकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. माझ्या वर्गातली पोरं आठवड्याच्या आत फ्री फायरवर गेली. जुलै 2021 मध्ये पबजी नवं नाव लावून बीजीएमआय म्हणून परत आला. 2022 मध्ये पुन्हा गेला, 2023 मध्ये पुन्हा आला. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, असा नियम घेऊन. खर्चालाही मर्यादा होती म्हणे: सुरुवातीला जाहीर झाली ती अल्पवयीन मुलाला दिवसाला 7,000 रुपये. दिवसाला! ही मर्यादा ठरवणाऱ्याने कधी दहावीतल्या पोराचा खाऊचा पैसा पाहिलाय का? आणि वयाचं म्हणाल, तर जन्मसाल बदलून टाकायला आमच्या पोरांना दहा सेकंद लागतात.

चीनने 2021 मध्ये याहून कडक केलं. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, बस्स. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळाच्या आतल्यांना मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले, आणि दहा वर्षांनी तो कायदा स्वतःच रद्द करायचं ठरवलं. मुलं तोवर संगणकावरून मोबाईलवर गेली होती. कुलूप लावणाऱ्यापेक्षा पोर एक पाऊल पुढे असतं, हे ज्याने एकदा तरी वसतिगृह सांभाळलंय त्याला विचारा.

बरं, बंदीची भाषा करणाऱ्यांचं चारित्र्य बघू. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाच्या सभागृहात तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या हातातल्या मोबाईलवर रमी दिसणारी चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेलं ते बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. थोड्याच दिवसांत खातं बदललं. मिळालं कोणतं? क्रीडा आणि युवक कल्याण. माझ्या खात्याचे मंत्री! ज्या राज्यातल्या खेळाच्या शिक्षकाला वर्षाला चार चेंडू मागताना तीन अर्ज करावे लागतात, त्या राज्याने आपल्या क्रीडा खात्याची किंमत एवढी केली, याचा मला संताप आला आणि अजून गेलेला नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी आणली; त्याआधी दोन वर्षं भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर ड्रीम इलेव्हनचं नाव होतं. पोरगं सामना बघायचं बापाच्या मांडीला मांडी लावून, आणि बाप मोबाईलवर स्वतःचा संघ लावून पैसे टाकायचा. त्याच बापाने दुसऱ्या दिवशी पोराच्या पाठीत धपाटा घातला, 'गेमचं वेड लागलंय' म्हणून.

आणि हा मोबाईल पोराच्या हाती दिला कुणी? मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. शिक्षणासाठी म्हणून कर्ज काढून, मंगळसूत्र गहाण टाकून लोकांनी मोबाईल घेतले. दीड-दोन वर्षं आपणच मुलांना सांगितलं की शाळा यात आहे, मित्र यात आहेत, बाहेर जाऊ नका. मग एके दिवशी शाळेची घंटा झाली आणि आपण म्हणालो, आता ठेव. त्या दोन वर्षांत तेरा ते पंधरा हे वय ज्यांचं निघून गेलं, ती मुलं पुन्हा मैदानावर आली तेव्हा त्यांना चेंडू झेलायला हात कुठे न्यायचा ते कळत नव्हतं. मी खोटं सांगत नाही. धावताना ती एकमेकांवर आदळत होती.

'आमच्या लहानपणी' हे प्रकरणही एकदा निकालात काढते. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आणि मग मोबाईलच्या नावाने सुस्कारा. हे संदेश मला रोज मोबाईलवरच येतात. काका, तुमच्या लहानपणी किती मुली खेळत होत्या? चूल, धुणं, धाकटं भावंड कडेवर. मी खो-खोला जाऊ लागले तेव्हा आमच्या वाड्यात आत्याने 'ही पोर पळते कशाला' म्हणून बैठक भरवली होती. हा काही नुसता माझा अनुभव नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी घाम निघेल अशी हालचाल करावी. संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये जगभरची आकडेवारी छापली: अकरा ते सतरा वयाची 81 टक्के मुलं तेवढं हलत नाहीत. मुलगे 78, मुली 85. आता खरा मुद्दा ऐका. हीच आकडेवारी त्यांनी 2001 सालचीही काढली होती. तेव्हा मुलगे 80 टक्के, मुली 85. 2001 मध्ये पबजी होता? खिशात इंटरनेट होतं? मूल तेव्हाही बसलेलंच होतं. तेव्हा ते क्लासमध्ये आणि टीव्हीसमोर बसलेलं होतं, म्हणून कुणाला खुपलं नाही. बसलेलं मूल आपल्याला शहाणं वाटतं. ते मजेत बसलं की मगच पोटात दुखतं.

मैदानांचं बोलू? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावं असं लिहिलंय. कितीतरी शाळा जिन्याखालच्या कॅरम बोर्डावर ही अट भागवताना मी पाहिल्या आहेत. एका शाळेत छतावर सिमेंटच्या टाक्यांमधून मुलं पळत होती. मैदान असलंच, तर त्यावर लग्नाचे मांडव, प्रदर्शनं, सभा, आणि सभेनंतर खिळे. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर दोन शाळकरी पोरांनी 664 धावांची नाबाद भागीदारी केली, हे आपण अजून डोळे ओले करून सांगतो. तेव्हा चौदा-सोळा वर्षांच्या पोरांना शाळा आणि घर दोघांनीही दिवसचे दिवस मैदानावर सोडलं होतं, हे मात्र सांगत नाही. आज तसं पोर दिवसभर बॅट घेऊन दिसलं, तर त्याला आधी समुपदेशकाकडे नेतील.

खो-खोचं अधिकृत मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. 432 चौरस मीटर. खेळाला सामान लागतं दोन खांब आणि चुना. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारताने जिंकले, अंतिम फेरीत दोन्हीकडे नेपाळला हरवून, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर 1914 च्या सुमारास ज्या खेळाचे नियम बसवले गेले, त्या खेळाचा हा विश्वचषक. आमच्या सोसायटीच्या एकाही घरात मला त्या रात्री टीव्हीवर तो सामना दिसला नाही. मुलं 'बघत नाहीत' म्हणता? तुम्ही लावला होता?

मी हे प्रयोग करून बोलते. निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातली दहा-बारा पोरं जमवली, सगळी बीजीएमआयवाली. 'गेम सोडा' असं एकदाही म्हटलं नाही. खो-खोची पाळी नऊ मिनिटांची असते. मी म्हटलं, एक पाळी खेळा, नाही आवडलं तर घरी जा. पहिल्या दिवशी चौघं ओकली. दुसऱ्या दिवशी सातच आली. तिसऱ्या आठवड्यात चौदा झाली. त्यांच्या तुकडीत जो हुकूम सोडायचा, तोच इथे पाठलागाची आखणी करू लागला: कुणाला खो द्यायचा, पळणाऱ्याला कोणत्या खांबाकडे ढकलायचं. मी त्यांचा तक्ता लावला, दर शनिवारी बदलणारा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. त्यांना रँक हवा असतो ना? घ्या. आणि एक नियम आईबापांसाठी केला: मैदानाच्या कडेला उभं राहून 'अरे पळ ना' ओरडायचं नाही. गेम मुलांना आवडण्याचं एक कारण हेही आहे, की तिथे बाप कडेला उभा राहून सूचना देत नाही.

पोरं अजूनही गेम खेळतात. रात्री अकराला मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतो, आईचा आणि वडलांचासुद्धा त्याच पाटावर. ही अट मी घरोघर जाऊन घातली आणि त्यावर सगळ्यात जास्त भांडण वडलांनी केलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायला सुरुवात केली, तिथेही सगळं त्यातच होतं. भोंगा मोठ्यांसाठीही वाजत होता. मालिका सोडायची ती आईने, बातम्या सोडायच्या त्या बापाने. आमच्या शहरी विद्वानांनी त्या गावाच्या बातम्या पुढे ढकलल्या, आणि पुढे ढकलायला मोबाईल हातातच ठेवला.

काही मुलांचं एवढ्याने भागत नाही, हे मला ठाऊक आहे. गेमवर ताबाच राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत, अकराव्या आवृत्तीत, आजार म्हणून जागा आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्यासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक चालतं. त्या मुलाला डॉक्टरकडे न्या. त्याला पट्ट्याने मारू नका, अंगारा लावू नका, आणि कृपा करून त्या विळखावाल्या व्याख्यात्यासमोर बसवू नका. पण चार डाव खेळणाऱ्या प्रत्येक पोराला 'व्यसनी' म्हणणंही थांबवा. हा शब्द पोराच्या कपाळावर चिकटवला की बापाची जबाबदारी संपते, म्हणूनच तो इतका स्वस्त झालाय.

आमच्या पोरांना आता जागा नाही. सोसायटीच्या मागे बरोब्बर खो-खोच्या मैदानाएवढी मोकळी जागा होती. गेल्या वर्षी तिथे फरशी घालून एकोणीस गाड्या लावल्या, आणि भिंतीवर पाटी आली: 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' पाटी लावणारे आमचे सचिव. त्या दिवशी सभागृहात माझ्या पुढच्या रांगेत कँडी क्रश खेळत मान डोलवणारे गृहस्थ ते हेच.

येत्या रविवारी दहाला वार्षिक सभा आहे. मी विषय लेखी दिलाय: एकोणीसपैकी सोळा गाड्यांना तळघरात जागा रिकामी आहे, मी स्वतः उतरून मोजली. चौदा पोरांच्या आयांना सही करायला लावली आहे, आणि पोरांना सांगितलंय की दहाला पाच मिनिटं असताना बूट घालून खाली या.